खजुराच्या बागेत सामन

आण्णांना बहारीनला आणलं तेव्हा ते माझ्यावर रागावले नाहीत, आणि मला त्याचीच धास्ती वाटली. आण्णा म्हणजे माझे वडील. रागावल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. भाजीत मीठ जास्त पडलं तर रागावणार, एसटी वेळेवर सुटली तरी रागावणार, की अजून दोन माणसं पळत येत होती ती ड्रायव्हरला दिसली नाहीत का. तो माणूस विमानतळापासून उम्म अल हस्सममधल्या माझ्या फ्लॅटपर्यंत मुकाट बसून आला, चपला दाराशी जोडून ठेवल्या आणि म्हणाला, "मोरी कुठंय?"

मोरीपायीच सगळं झालं होतं. सातारा जिल्ह्यातल्या एका धरणाच्या पायथ्याशी आमचं घर. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. मी एकुलती एक, लग्न केलेलं नाही. त्याची चर्चा इथे नको, ती गावात पोटभर झालेली आहे. आण्णा एकटे राहायचे. एका सकाळी मोरीत पाय घसरून पडले, ते संध्याकाळी दूध घालायला येणाऱ्या बाईने हाका मारल्या तेव्हा कळलं. हाड मोडलं नाही, डोक्याला लागलं नाही. पण दिवसभर ते ओल्या फरशीवर पडून होते आणि बाहेरच्या खोलीत फोन वाजत होता. तो फोन मी करत होते.

त्यानंतर मी काही ऐकून घेतलं नाही. गेले, बॅग भरली, घराला कुलूप लावून किल्ली दूधवाल्या बाईकडे दिली, व्हिजिट व्हिसावर त्यांना घेऊन आले. तो व्हिसा बदलून कायमचं राहता येतं, त्याचे कागदही मी जमवून ठेवले होते. फक्त त्यांनी हो म्हणायला हवं होतं. ते हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. विचारलं की "बघू" म्हणायचे. बॅगेतून दोन जोड कपडे तेवढे काढले होते, तेच आलटून पालटून धुऊन घालायचे. बाकीची बॅग पलंगाखाली तशीच. माझ्या बाल्कनीतून समोरच्या हॉटेलची मागची बाजू दिसते, तिथे कांदे सोलायला बसलेली माणसं असतात. आण्णा सकाळभर त्यांच्याकडे बघत बसायचे. मी ऑफिसातून आले की विचारायचे, "जेवलात?" ते म्हणायचे, "जेवलो." ताट बघितलं तर अर्धी भाकरी तशीच.

मला एकच हवं होतं. या माणसाने पुन्हा त्या घरात एकटं पडू नये. बाकी जग कुठे का जाईना.

मी मआमीरला एका कंपनीत अकाउंट्स बघते. आमची कंपनी चिलर बनवते आणि दुरुस्त करते, म्हणजे मोठमोठ्या इमारती गार ठेवणारी यंत्रं. मालक बहारीनी, साठीच्या पुढचा, मनाने चांगला, पण डोक्यात एखादी गोष्ट शिरली की खलास. त्या वर्षी तो मुलीकडे कॅनडात जाऊन आला आणि डोक्यात सामन मासा घेऊन आला. नदीतून उलट्या दिशेने उड्या मारत जाणारे सामन त्याने बघितले होते. फोनवर त्याचे व्हिडिओ. मीटिंगमध्ये व्हिडिओ, चेकवर सही करताना व्हिडिओ. एके दिवशी म्हणाला, माझ्या बागेतल्या तळ्यात सामन सोडायचे.

बुदैयाच्या बाजूला त्याच्या वडिलांची खजुराची बाग आहे. एकेकाळी त्या भागात जमिनीतून आपोआप पाणी वर यायचं, असे कितीतरी झरे होते, ते आटले. याच्या बागेतलं तळं तेवढं त्याने पंप लावून जिवंत ठेवलेलं. ऑफिसात पुण्याचे दोन इंजिनिअर आहेत, ते त्याच्या तोंडावर "येस सर, पॉसिबल सर" म्हणाले आणि पॅन्ट्रीत येऊन पोट धरून हसले. पण त्याचं म्हणणं अगदीच वेड्यासारखं नव्हतं. हिवाळा तोंडावर होता. तळं लहान होतं. वर सावलीची जाळी ताणायची, आपलेच चिलर लावायचे, पाणी गार ठेवायचं. चिलरवाल्याला तळं गार करणं जड का जावं?

मी तेव्हा फाइल घेऊन त्याच्या केबिनमध्ये उभी होते. का कोण जाणे, बोलून गेले, "माझे वडील आयुष्यभर मत्स्य खात्यात होते."

मालकाने व्हिडिओ थांबवला. म्हणाला, "आणि हे तू मला आज सांगतेस?"

घरी आल्यावर आण्णांना सांगितलं. ते बाल्कनीतच होते. "सामन?" ते म्हणाले. "थंड पाण्यातला मासा तो. हितं? या तव्यावर?" मग थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "पाणी किती खोल हाय?" मी म्हटलं मला काय माहीत. "मग विचारायचं न्हाई का? निस्ता मासा सोडायचा म्हणं. आकलेचा भाग हाय का न्हाई काही?" आणि मी पोळी लाटता लाटता रडायला लागले, कारण ते रागावले होते.

त्या रात्री त्यांनी बॅग उघडून स्वेटर काढला.

आण्णांनी सगळी नोकरी धरणाखालच्या मत्स्यबीज केंद्रात काढली. जिऱ्याएवढी पिल्लं वाढवायची, बोटाएवढी झाली की त्यांना बोटुकली म्हणतात, ती प्लास्टिकच्या पिशव्यांत ऑक्सिजन भरून जीपने न्यायची आणि धरणात, गावतळ्यात, पाझर तलावात सोडायची. रोहू आणि कटला गंगेकडचे. सिप्रनस परदेशातला. पुढे चिलापी आली, तीही बाहेरचीच. आमच्या नदीचा त्यात एकही नव्हता. त्याबद्दल कुणाच्या मनात काही येत नसे. मासा वाढत होता, भोई लोकांची जाळी भरत होती, आमच्या घरात पगार येत होता. लहानपणी मी त्या पिशव्या मांडीवर धरून जीपमध्ये बसलेली आहे.

पहिल्यांदा तळ्यावर गेलो तो शुक्रवार होता. आण्णा काठावर उकिडवे बसले, बोट बुडवून पाणी चाखलं. "मचूळ हाय," म्हणाले. "चालतंय. सामन खाऱ्यातबी राहतो." मग मनगटापर्यंत हात पाण्यात घालून नुसते बसून राहिले. तळातून करंगळीएवढे मासे वर आले आणि त्यांच्या बोटांना टोचू लागले. पाठ करडी, शेपटीवर पिवळट पट्टे. आण्णांनी हात हलवला नाही. मालकाला विचारलं, "ये कौनसा?"

मालकाला हिंदी बरं येतं, इथल्या जुन्या लोकांना येतंच. तो म्हणाला, "ये? ये कुछ नहीं. पहले से है. मच्छर खाता है."

पुढचे आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, हे मी आताही म्हणेन. कंपनीचा ड्रायव्हर सकाळी आण्णांना न्यायला येई. खाली हॉर्न वाजायच्या आधीच ते टोपी घालून दाराशी तयार. मआमीरहून ट्रकने चिलर आले, पाइप आले, जाळी आली. आण्णा काठावर खुर्ची टाकून सगळ्यांना कामाला लावायचे. ‘यल्ला’, म्हणजे चला, आटपा, हा शब्द त्यांना भारी आवडला होता. वेल्डरला यल्ला, ड्रायव्हरला यल्ला, घरी मला जेवायला वाढायला यल्ला. संध्याकाळी पाण्याचं तापमान मला असं सांगायचे की जणू घरात कुणाचा ताप उतरतोय. भाकऱ्या दोन खायला लागले. मालक त्यांना माझं ऐकून ‘अण्णा’ म्हणू लागला होता.

एका संध्याकाळी मी मोका साधून व्हिसाचा विषय काढला. त्यांनी टीव्हीवरून नजर काढली नाही. "मासं सोडल्यावर वर्षभर तरी बघाय लागतंय," म्हणाले. "उन्हाळा काढायचा म्हंजे खेळ न्हाई. साहेबाला काय कळतंय त्यातलं? सोडलं तर थांबावंच लागंल."

मी मनात म्हटलं, देवा, सोडू देत बाबा सामन. तळ्यात सोड, बाथटबमध्ये सोड, कुठेही सोड.

सगळे मासे एकदम मागवायचे नाहीत हे आण्णांनी मालकाला ठणकावून सांगितलं होतं. आधी थोडे मागवा, ते हाप्यात ठेवून बघू. हापा म्हणजे जाळीच्या कापडाची मोठी चौकोनी पिशवी, तोंड वर उघडं. चार कोपऱ्यांना काठ्या बांधून ती पाण्यात उभी करतात, नवे मासे दिवसभर तीत ठेवतात. जगले तर हे पाणी त्यांना मानवतं, मग बाकीचे सोडायचे. आण्णांच्या केंद्रातला हा नेहमीचा रिवाज होता. इथे बांबू कुठला मिळणार, मआमीरहून लोखंडी पाइप आणले. कापड मी सूकमधून, म्हणजे इथल्या बाजारातून आणलं आणि आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून घेतलं. त्याला वाटलं आमच्याकडे पाळणा हलणार आहे. मासे वीतभर येणार होते, म्हणून आण्णांनी जाळी मोठ्या भोकांची निवडली.

आणि रिवाजात आणखी एक गोष्ट होती. हाप्यात खाद्याचा गोळा टांगायचा. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा मळून केलेला. मी म्हटलं, "आण्णा, सामन मासे खाणारा मासा आहे, तुम्हीच म्हणालात. तो शेंगदाणे खाईल का?"

"खाऊ दे न्हाईतर न्हाई," ते म्हणाले. "पाव्हणा आला तर ताट वाढत न्हाई का आपण? त्यो जेवून आला आसंल म्हणून?"

झालं. बहारीनमध्ये पेंड कुठून आणू? मिक्सरला शेंगदाणे फिरवले, डाएटवाल्यांच्या शेल्फवरून गव्हाचा कोंडा आणला. आण्णांनी तो गोळा स्वतःच्या हाताने मळला आणि फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या डब्यात ठेवला. सकाळी मी चहाबरोबर चुकून चमचाभर खाल्लाही, ते निराळं.

मासे गुरुवारी दुपारी विमानाने आले. थर्मोकोलच्या खोक्यांत बर्फ, बर्फात पिशव्या. आण्णांनी पिशव्या न उघडता तशाच हाप्यातल्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग एकेकीचं तोंड सोडून ओंजळ ओंजळ तळ्याचं पाणी आत घातलं, थांबले, परत घातलं. याला ते पाण्याला पाणी दाखवणं म्हणत. मालक घड्याळ बघत होता. आण्णांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी पिशवी तिरकी केली आणि सामन एकेक करून आपणहून बाहेर पडले. चंदेरी अंग, कुशीवर बोटं उमटवल्यासारखे काळसर ठसे. किती देखणे होते म्हणून सांगू! मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण माझं कारण निराळं होतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघंच बागेत गेलो. मालक दुपारच्या नमाजानंतर येणार होता. बागेत शिरताना आण्णांचा चेहरा परीक्षेच्या निकालाला चालल्यासारखा. हाप्यावर वाकले. सगळे सामन जिवंत होते. एकही उलटा नाही, एकही सुस्त नाही. मी टाळी वाजवली.

आण्णा वाकलेलेच राहिले. मग तिथेच ओल्या मातीत बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"बस हितं. बघ."

मी बसले. खाद्याचा गोळा निम्म्याहून जास्त संपला होता. सामनने त्याला तोंडही लावलेलं नव्हतं. तेवढ्यात हाप्याच्या बाहेरून एक करंगळीएवढा मासा आला, जाळीच्या भोकातून अंग बारीक करून आत शिरला आणि सरळ गोळ्याकडे गेला. शेंगदाण्याच्या वासाने आला असणार. एक घास घेतला असेल नसेल. सामन बाजूने आला, आणि गोळ्यापाशी तो मासा उरला नाही. मग दुसरा आत आला. मग तीन एकदम. बाहेर जाळीला चिकटून त्यांची रांगच लागली होती. सामनची पोटं टम्म फुगलेली होती, तरी ते खात होते.

आण्णांनी हात घालून तो गोळा ओढून काढला आणि लांब खजुराच्या बुंध्यापाशी फेकला. तरीही बाहेरचे मासे थोडा वेळ आत येतच राहिले.

"मी वाढलेलं ताट," आण्णा म्हणाले.

मी म्हटलं, "आण्णा, मासे मासे खातातच."

"आगं पोरी, हाप्यात आपुन काय बघतो? सोडलेला मासा जगतोय का. जिंदगीभर तेवढंच बघितलं. जगला, की कागदावर टिक, आन् जीप म्होरल्या तळ्याला. ह्ये बाजूचं कधी बघितलंच न्हाई." ते पाण्याकडेच बघत होते. "आपल्या नदीला खडस व्हता. माणसाच्या मांडीएवढा. मुरं व्हती, दगडाखाली हात घातला की घावायची. तू खाल्ल्यात. मला वाटायचं धरणानं गेली. कारखान्याच्या मळीच्या पाण्यानं गेली. सगळ्याला नावं ठेवली. आन् मी तिथंच उभा, हातात पिशवी घेऊन."

मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पण खरं सांगते, त्या घटकेला मला नदीचं काही पडलेलं नव्हतं. मला फक्त पुढचं दिसत होतं. मालक येणार, विचारणार, आणि हे नाही म्हणणार. सामन नाही म्हणजे उन्हाळा काढायला थांबायचं कारण नाही. म्हणजे बॅग, विमान, ते घर आणि ती मोरी.

"मालकाला सांगू नका," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली.

"सामन जगले आहेत ना? तेवढंच सांगा. त्याचं तळं, त्याचे पैसे, त्याची हौस. आपलं काय जातंय? हे चिमुकले मासे त्यालाही नकोत, कुणालाच नकोत. तुमच्याशिवाय या देशात त्यांच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. आण्णा, मी पाया पडते तुमच्या."

"व्हय," ते म्हणाले. "आपल्या मुऱ्यांकडंबी कोण बघत नव्हतं."

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्हीसुद्धा बाहेरून आणून इथे सोडलेलेच की. म्हणू नये. इथल्या मराठी मंडळातल्या एका कविमनाच्या गृहस्थांनी ते मला पुढे म्हणून दाखवलंच आणि मी त्यांना चहा न देता घालवलं. माणूस म्हणजे मासा नव्हे. मला तिथे काठावर कसलंही रूपक सुचत नव्हतं.

मालक आला तो गाडीतूनच हसत उतरला. पांढरा शुभ्र पायघोळ थोब, हातात फोन. हाप्यात वाकून बघितलं आणि ओरडला, "जिंदा! सब जिंदा! अण्णा, मैं बोला था ना?" फोन कानाला लावता लावता म्हणाला, बाकीची ऑर्डर आत्ताच देतो.

आण्णा उठून उभे राहिले. "साहेब, मत मंगाओ."

"क्यों? मर जाएगा गर्मी में?"

मी आण्णांकडे बघत होते. एवढं हो म्हणाले असते तरी खोटं ठरलं नसतं. उन्हाळ्यात मरतीलही, असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

"नहीं मरेगा," आण्णा म्हणाले. "ये मछली को मैं जिंदा रख सकता हूं. पर वो छोटा वाला एक भी नहीं बचेगा. सब खा जाएगा. मैंने देखा. आपके अब्बा के टाइम से है वो."

मालकाने हसून हात झटकला. "वो? अण्णा, वो तो कुछ नहीं है."

"मेरे गांव में भी कुछ नहीं था," आण्णा म्हणाले. "अब सच में कुछ नहीं है."

मालक रागावला होता, ते दिसत होतं. एवढे चिलर, एवढी जाळी, विमानाने आलेले मासे. माझ्याकडे बघितलं, जणू मी भाषांतर करून हे वाक्य बदलून देईन. मी खाली बघितलं. मग तो काठावर गेला, थोब गुडघ्यापर्यंत धरून थोडा वेळ पाण्यात बघत उभा राहिला. तो माझ्याशी इंग्रजीत बोलला, आण्णांशी नाही. म्हणाला, लहानपणी आम्ही भावंडं इथे पाय सोडून बसायचो, कोण जास्त वेळ या माशांच्या गुदगुल्या सहन करतो ते बघायला. माझी आई ओरडायची. मग फोन खिशात टाकला. "खलास," म्हणाला आणि गाडीत बसून निघून गेला. हाप्यातले सामन त्याच्या आचाऱ्याने संध्याकाळी नेले. पुढे दोन आठवडे मालक माझ्याशी कामापुरतंच बोलला.

परतताना गाडी मी चालवत होते. बुदैया रोडवर रोपांच्या नर्सऱ्या लागतात, तिथवर आलो तेव्हा आण्णा म्हणाले, "तिकीट बघ."

मी गाडी कडेला घेतली. नीट घेतली नाही, अर्धी रस्त्यातच. मागून हॉर्न सुरू झाले.

"माशांसाठी थांबणार होतात," मी म्हणाले. "माझ्यासाठी नाही?"

ते माझ्याकडे वळले. "तू कुठं म्हणलीस?"

"काय नाही म्हटलं मी? पहिल्या दिवसापासून तेच चाललंय माझं!"

"पडाल म्हणलीस. डाक्टर जवळ हाय म्हणलीस. गावात कोण बघणार म्हणलीस. साहेबाला माणूस पायजे म्हणलीस. तुला पायजे, आसं कधी म्हणलीस?"

"ते काय सांगावं लागतं?"

"लागतं."

मला भांडता येतं. ऑफिसात माझ्या वाटेला कुणी जात नाही. पण हे कसं बोलायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही, आणि ज्यांनी शिकवायचं ते शेजारी बसले होते, त्यांनाही येत नव्हतं. मी ओरडूनच म्हणाले. म्हणाले, मला तुम्ही हवे आहात. संध्याकाळी दार उघडल्यावर घरात कुणी नसतं, ते मला आता सहन होत नाही. तुम्ही काही करू नका, कुणाच्या उपयोगी पडू नका, नुसते बसा आणि रागवा. पण राहा. माझ्यासाठी राहा.

"माझ्या मनात घरीच मरायचं व्हतं," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"माहीत हाय तरी म्हणतीस?"

"तरी म्हणते."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली. "बरं, गाडी काढ," म्हणाले. "मागचे बोंबलायला लागलेत."

हो म्हणाले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात माझ्याबरोबर रहिवासाच्या कार्डासाठी आले, बोटांचे ठसे दिले आणि फोटो वाईट आला म्हणून तिथल्या मुलीवर रागावले. पलंगाखालची बॅग रिकामी करून मला माळ्यावर टाकायला सांगितली. गावच्या घराची किल्ली दूधवाल्या बाईकडेच राहिली.

मग आम्ही राहिलो. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी कामावर जायचे, ते खाली जाऊन मल्याळी दुकानदाराशी कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालायचे, हिंदी दोघांचंही दिव्य. दुपारी झोपायचे. मी आले की दार आतून उघडायचं आणि पहिलं वाक्य असायचं, "उशीर केलास." मालकाचा राग गेल्यावर तो कधीमधी शुक्रवारी आण्णांना बागेत घेऊन जायचा. तिथे दोघं काय बोलत कोण जाणे. गावाकडचा विषय आण्णांनी स्वतः होऊन कधी काढला नाही. तिकडून कुणाचा फोन आला की मात्र फोन ठेवल्यावर पुष्कळ वेळ बाल्कनीत जाऊन उभे राहायचे. मी ते स्वयंपाकघरातून बघायचे आणि मुद्दाम भांडी वाजवायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत पाणी झालं. हॉस्पिटलातून घरी, घरून हॉस्पिटलात, असं चाललं. डॉक्टर म्हणाले विमानाचा प्रवास आता जमणार नाही. ते ऐकून मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले. मला वाटलं, आता ते म्हणतील, बघ, तुझ्यापायी. ते म्हणाले नाहीत. शेवटपर्यंत म्हणाले नाहीत.

एका दुपारी खिडकीतून ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं. मी पडदा ओढायला उठले तर म्हणाले, असू दे. श्वास लागत होता, तरी बोलत होते. "तू राहा म्हणलीस. राह्यलो का न्हाई?"

"राहिलात."

"मग आता हट्ट करू नगंस. आता दमलोय मी."

निघणाऱ्या माणसाला आमच्या घरात कुणी ‘जा’ म्हणत नाही. ‘या’ म्हणतात. दोन मिनिटांसाठी दुकानात चाललेल्या माणसालासुद्धा ‘या’ म्हणतात. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "जा, आण्णा."